तिसरं बटण

नजर तिसऱ्या बटणावर.
कुर्त्याला दोनच बटणं असली
तर तिसरं आहे असं धरून, तिथे.
विश्रामबागेतल्या आमच्या होस्टेलात, सी विंगला,
पहिल्या वर्षाच्या मुलींना दिवसा एवढाच नियम.
बाकीचे रात्री अकरानंतर कळायचे.

शिवलीला हत्तळी माझी रूम पार्टनर.
जतच्याही पलीकडची, कर्नाटकाला इतकी खेटून
की तिचं मराठी वाक्य शेवटाला जरा वर उडायचं.
तिला रोज तेच म्हणायला लावायचे:
माझं नाव, माझं गाव, आमच्याकडं टँकर कुठल्या वारी येतो.
पुन्हा. हळू. आता गाऊन.
ज्युनिअरनी हसायचं नाही असा नियम होता,
पण या एका गोष्टीला हसायची मुभा होती.
मी हसले.

सतरा दिवस.
अठराव्या दिवशी ती रेक्टरबाईंकडे गेली.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली, चहा आला, बशीत बिस्किटं.
समोर सहाजणी, वेण्या घालून,
पाहुण्यांपुढे आणलेल्या लेकींसारख्या.
ओळख यांतल्या कोण, बाई म्हणाल्या.
शिवलीला खालीच बघत राहिली.
चेहरे मी बघितलेच न्हाईत, म्हणाली,
चपला वळखते.
निळ्या पट्ट्याची एक, डाव्या अंगठ्यापाशी
पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली.

सहा जोड्या कोऱ्या करकरीत.
एकीच्या टाचेला किमतीचं लेबल तसंच होतं.
कुणी वाकून पाहिलं नाही.

मग मला विचारलं.
मी म्हणाले, मला लवकर झोप लागते.

निळी जोडी आदल्या संध्याकाळीच
मी आयर्विन पुलावरून कृष्णेत टाकली होती.
आश्लेषाताईनं पेपरात गुंडाळून दिलेली,
वर रिक्षाला पैसे.
एक बुडाली. दुसरी पुलाखालून पलीकडे निघाली
आणि हरिपूरच्या अंगाला गेली, सावकाश,
कुणीतरी पायात घालून चाललंय तशी.

त्या रात्री मला गच्चीवर बोलावलं.
पातेलंभर भडंग, लसूण काळपट होईस्तोवर परतलेला.
"वर बघ," ताई म्हणाली.
पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला.
साधाच. कपाळावर कांजिण्यांचा एक वण.
"आजपासून तू आमची."
खोटं कशाला बोलू,
घर सोडल्यापासून इतकं बरं
मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढे डेंग्यू झाला तेव्हा
मिरजेच्या दवाखान्यात चार रात्री
हीच ताई सलाईनच्या थेंबांवर डोळा ठेवून बसली.
प्लेटलेट्ससाठी तिघांना झोपेतून उठवलं,
स्वतःचा गणिताचा पेपर बुडवला.
हे सांगितलं की लोक विचारतात,
मग ती चांगली की वाईट?
मी विषय बदलते.

शिवलीलाचे वडील आले, टोपी हातात धरून.
ट्रंक नेली, गादी नेली, दोरीवरचा टॉवेलसुद्धा.
बादली बाथरूममध्ये राहिली.
स्टीलची, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी
भांडीवाल्यानं घातलेलं नाव: शि. म. हत्तळी.
मी ती चार वर्षं वापरली.

दुसऱ्या वर्षी नव्या मुली आल्या.
मी दारात उभी राहिले, नवी चप्पल घालून.
काही ठरवलं नव्हतं.
तोंडातून एकच शब्द गेला, "नजर",
आणि आठ माना खाली.
इतकं सोपं असतं, मला माहीतच नव्हतं.

परवा ताईचा मेसेज आला:
वीस वर्षं झाली गं, दिवाळीनंतर सांगलीत भेटू या,
सी विंगच्या सगळ्याजणी.

सगळ्याजणी.

हो, असं लिहून पाठवलं.
मग बादली पालथी घालून घासत बसले,
चिंच लावली, राख लावली.
बाहेरून ठिपके आता जवळजवळ गेलेत.
पण पाणी भरून आत हात घातला
की बोटांना अजून लागतात,
एकेक, उलट्या बाजूनं,
आणि मला ते उलटंच
वाचता येतं.